बाळंतपणाची शिकवणी आणि दाराबाहेरचा बाप

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा एक तरुण बँकेत कारकून आहे. गेले दोन महिने दर रविवारी सकाळी तो आपल्या गरोदर पत्नीला घेऊन कोठे जातो, याविषयी जिन्यावर बरीच कुजबूज चालू होती. अखेरीस उलगडा असा झाला की, ही दोघे बाळंतपणाच्या वर्गाला जातात. तेथे एक बाई प्लॅस्टिकच्या सांगाड्यातून कापडी बाहुली फिरवून मूल कसे बाहेर येते ते दाखवितात, श्वास कसा घ्यावा ते सांगतात आणि नवऱ्यांकडून पत्नीची पाठ चोळून घेण्याचा सराव करवितात. ही वार्ता फुटताच इमारतीतील वयस्क स्त्रियांत जो हशा पिकला तो आठवडाभर ओसरला नाही. तिसऱ्या मजल्यावरील आजींनी तर त्याला तोंडावरच विचारले, “कळा तिला यायच्या की तुला?” तो बिचारा लाजला, पण पुढच्या रविवारी पुन्हा गेला.

हे हसणे अस्वाभाविक आहे असे मी म्हणणार नाही. बाळंतपण ही शिकण्याची गोष्ट आहे, ही कल्पनाच आपल्याला परकी आहे. ती भोगण्याची आणि पार पडण्याची गोष्ट, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. आपली भाषाच पाहावी. मूल झाले की बाई ‘सुटली’, ‘मोकळी झाली’ असे आपण म्हणतो. वेळ लागला तर ती ‘अडली’. जणू काही ती कोणत्या तरी बंदिवासात होती आणि कोणी तरी दार उघडून तिला बाहेर सोडले. या साऱ्या क्रियापदांत तिने स्वतः काही केल्याची नोंद नाही. आणि नवरा तर या वाक्यांतून पूर्णपणे अनुपस्थित आहे.

प्रस्तुत लेखकाचा पहिला मुलगा १९७८ साली पत्नीच्या माहेरी, तालुक्याच्या गावी जन्मला. मला ती वार्ता दुसऱ्या दिवशी तारेने कळली. मुलाचे तोंड मी पाहिले ते बाराव्या दिवशी, बारशाला. तसे करण्यात आपण काही कर्तव्यच्युती करीत आहोत असे मला वाटले नाही. शाळेच्या परीक्षा चालू होत्या आणि मी इमानेइतबारे पेपर तपासीत होतो. दुसऱ्या खेपेस, १९८२ साली, सासूबाई आजारी असल्यामुळे बाळंतपण शहरातच करावे लागले. एका मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी रात्रभर बसून होतो आणि आत चौदा तास पत्नी एकटी होती. त्या रात्रीविषयी ती कित्येक वर्षे काही बोलली नाही. मुलीच्या बाळंतपणाची वेळ आली तेव्हा एकदा सहज म्हणून सांगून गेली, “दुखतं ते सोसता येतं हो. पण किती वेळ चालणार, आता काय होणार, हे कुणी सांगतच नव्हतं. विचारलं तर आया म्हणाली, ओरडू नकोस, तू काही जगावेगळी नाहीस.” मी अवघ्या वीस पावलांवर होतो. मला काहीही ठाऊक नव्हते आणि आत जाण्याची सोयही नव्हती. हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते एक वाक्य आहे.

जुने ते सोने नव्हते

येथे कोणी म्हणेल की, पूर्वी हे सारे घरीच होत असे, सुईण ओळखीची असे, आई, मावशी, आत्या उशाशी असत. मग शिकवणीची गरजच काय? या गतकाळाचे फार गोडवे गाऊ नयेत. ती अंधारी खोली, धुरी आणि शेगडी, नाळ कापायला हाती येईल ते विळा-पाते, आणि सटवाईच्या पाचव्या रात्रीचे भय, या साऱ्यांनी किती माता आणि किती अर्भके गिळली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत गेला, आणि त्या दुःखातूनच त्यांची वैद्यक शिकण्याची जिद्द जन्मली हे सर्वश्रुत आहे. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात १८८६ साली पदवीसाठी प्रबंध लिहिताना त्यांनी विषय निवडला तो ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हाच.

शिवाय त्या जुन्या घरात ज्ञान होते असे आपण समजतो तेही अर्धेच खरे. कुमारिकांना त्या खोलीच्या आसपास फिरकू देत नसत. जे कळे ते दाराआडून ऐकलेल्या किंकाळ्यांतून आणि विहिरीवरच्या कुजबुजीतून. तरीही एक गोष्ट त्या घरात निःसंशय होती, आणि ती म्हणजे सोबत. कमरेला आधार देणारा, पाणी पाजणारा, ‘आता थोडंच राहिलं’ म्हणणारा एक ओळखीचा हात तेथे असे.

गेल्या तीस वर्षांत या देशात बाळंतपणे घरातून रुग्णालयात गेली. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातील जेमतेम सव्वीस प्रसूती रुग्णालयांत होत असल्याचे आढळले होते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ वर आणि महाराष्ट्रात ९४.७ वर पोचले. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेचा आणि दारोदार फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्यांचा यात मोठा वाटा आहे. २०१८-२० या काळात दर लाख जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. ही प्रगती थोडी नव्हे, आणि घरी परत चला असे सांगणाऱ्या हौशी निसर्गवाद्यांनी हे आकडे डोळ्यांआड करू नयेत. परंतु या स्थलांतरात सुईणीच्या विळ्याबरोबर तो ओळखीचा हातही आपण घरीच ठेवून आलो. जीव वाचला, पण बाई एकटी पडली.

कामगारांच्या रुग्णालयातून

आज अशा वर्गांकडे उच्चभ्रूंचे नखरे म्हणून पाहिले जाते. त्यांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. ग्रँटली डिक-रीड नावाचा एक इंग्रज डॉक्टर तरुणपणी लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत बाळंतपणे करीत असे. तेथील एका बाईने क्लोरोफॉर्म नाकारला आणि फारसा त्रास न होता ती प्रसूत झाली. यात दुखायला हवे होते का, असा उलट तिचाच भाव होता. या एका प्रसंगावर विचार करता करता त्याने सिद्धान्त मांडला की, भयामुळे शरीर आखडते, आखडल्यामुळे वेदना वाढते आणि वाढलेल्या वेदनेने भय दुणावते. हे चक्र तोडावयाचे तर आधी अज्ञान घालविले पाहिजे. त्याचे पहिले पुस्तक १९३३ साली आले. सहव्यावसायिकांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. त्याच्या मतांत भाबडेपणा आणि स्त्रीच्या ‘मातृधर्मा’विषयीची जुनाट प्रवचने पुष्कळ आहेत, पण भयाविषयीचे त्याचे निरीक्षण टिकले.

दुसरा प्रवाह रशियातून आला. पाव्हलॉव्हच्या प्रतिक्षिप्त क्रियांच्या शास्त्रावर आधारलेली वेदनाविरहित प्रसूतीची पद्धत तेथील डॉक्टरांनी बसविली होती. १९५१ साली फर्नाँ लामाझ हा फ्रेंच डॉक्टर ती लेनिनग्राडला पाहून आला आणि साठीच्या उंबरठ्यावर असताना नव्या शिष्याच्या उत्साहाने पॅरिसला परतला. १९५२ पासून त्याने जेथे हे वर्ग चालविले ते रुग्णालय धातुकामगारांच्या संघटनेचे होते. कारखान्यातील फिटर-टर्नर आणि त्यांच्या बायका बाकांवर बसून गर्भाशयाची चित्रे पाहत, श्वासोच्छ्‌वासाचे धडे गिरवीत, आणि प्रसूतीच्या वेळी नवरा पत्नीच्या उशाशी उभा राही. ‘बोल्शेविकांचे खूळ’ म्हणून काहींनी नाके मुरडली. परंतु १९५६ साली खुद्द पोप बारावे पायस यांनी या पद्धतीत धर्मबाह्य असे काही नाही असा निर्वाळा दिला. पॅरिसमध्ये याच पद्धतीने प्रसूत झालेल्या मार्जोरी कार्मेल या अमेरिकन बाईंनी १९५९ साली आपला अनुभव पुस्तकरूपाने लिहिला, एलिझाबेथ बिंग यांच्यासह १९६० साली संस्था काढली, आणि कामगारांच्या रुग्णालयात वाढलेली ही विद्या अमेरिकेच्या सुखवस्तू मध्यमवर्गात शिरली. आपल्याकडे ती आली ती या लांबच्या वाटेने, सतरंजी, मंद संगीत आणि भरभक्कम फी यांसह. फ्रान्समध्ये मात्र या वर्गांचा खर्च आजही सामाजिक विमा उचलतो.

या देवघेवीत एक मौजेची उलट बाजूही आहे. लबॉये या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरने कलकत्त्याच्या वस्तीत शांतला नावाच्या एका बाईला पाय पसरून आपल्या तान्ह्याला तेल लावताना पाहिले आणि १९७६ साली तिच्याच नावाने पुस्तक लिहिले. युरोपातील आया त्यावरून बाळाला मालिश करावयास शिकल्या. आपल्या आज्यांनी घरोघर जे केले ते तिकडे विद्या ठरले; येथे मात्र तेच करणाऱ्या बाईला आपण ‘मालिशवाली’ म्हणतो आणि पैशांची घासाघीस करतो.

चक्रव्यूहातून बाहेर

महाराष्ट्रात वर्ग नाहीतच असे नाही. पुण्या-मुंबईपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत ‘गर्भसंस्कारा’च्या पाट्या जागोजागी दिसतात. गर्भवतीने प्रसन्न राहावे, चांगले ऐकावे, सात्त्विक खावे, याला कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. शेवटच्या महिन्यांत गर्भाला ऐकू येते आणि जन्मल्यावर तो आईचा आवाज ओळखतो, हे शास्त्रानेही दाखविले आहे. पण तेवढ्या धाग्यावर बुद्धिमान, तेजस्वी, गोऱ्या संततीच्या हमीचे जे वस्त्र विणले जाते ते शास्त्र नव्हे, व्यापार आहे. त्याचा दुष्परिणाम असा की, पुढे मूल सामान्य निघाले किंवा त्यात काही व्यंग आढळले, तर ‘तूच मंत्र नीट ऐकले नाहीस’ असा ठपका आईवरच येतो. या वर्गांत अभिमन्यूची कथा हटकून सांगितली जाते. तिचा पुढचा भाग वक्त्यांच्या ध्यानात येत नसावा. त्या मुलाला गर्भात व्यूहात शिरण्याची विद्या मिळाली, बाहेर पडण्याची नाही. आमचे वर्गही नेमके तेथेच थांबतात. मूल बाहेर कसे येते, याविषयी तेथे अवाक्षर नसते.

खरोखर सांगावयास हवे ते फारसे अवघड नाही. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यापासून मूल होईपर्यंत बारा-चौदा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो, आणि त्यात भिण्यासारखे काही असतेच असे नाही, एवढे एक वाक्य जरी आधी कानावर पडले तरी निम्मा धीर येतो. गर्भाशयाचे मुख दहा सेंटिमीटरपर्यंत उघडावे लागते. दर तासाला एक सेंटिमीटर हा जुना ठोकताळा सर्वांना लागू करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१८ साली बजावले आहे. कळांच्या मधल्या काळात उठून चालता येते, कुशीवर वळता येते, पाणी पिता येते. उताणे पडून राहिलेच पाहिजे असा निसर्गनियम नाही. सरसकट प्रत्येकीला छेद देऊन टाके घालण्याची गरज नसते. मूल झाल्यावर ते लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, नाळ निदान मिनिटभर तरी बांधू नये, आणि पहिल्या तासात अंगावर पाजावे. तो पहिला पिवळसर चीक पिळून टाकून मध-गुटी चाटविणारी घरे आजही शहरांत आहेत आणि त्यांत पदवीधरही आहेत. याबरोबरच धोक्याच्या खुणाही शिकवाव्यात: अंगावरून रक्त जाणे, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, हातापायांवर व तोंडावर सूज, झटके, बाळाची हालचाल मंदावणे. अशा वेळी श्वासाचे व्यायाम करीत बसावयाचे नसते, वाहन गाठावयाचे असते.

सिझेरियनविषयीही मोकळेपणाने बोलले पाहिजे. पाचव्या पाहणीप्रमाणे देशातील एकंदर प्रसूतींपैकी २१.५ टक्के शस्त्रक्रियेने झाल्या; सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ आणि खाजगी रुग्णालयांत ४७.४ होते. स्त्रीची शरीररचना दार बदलल्याने बदलत नाही, हे सांगावयास वैद्यकाची पदवी लागत नाही. तथापि शस्त्रक्रिया झाली म्हणून आपण हरलो असे कोणत्याही बाईला वाटता कामा नये. वेळेवर केलेल्या सिझेरियनने वाचलेल्या माता आणि मुले आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. प्रश्न केव्हा करावे एवढाच आहे, आणि ‘का करीत आहात?’ असे विचारण्याइतकी माहिती नवरा-बायकोजवळ असावी हा.

एक कबुली येथे दिलीच पाहिजे. नुसत्या वर्गांमुळे सिझेरियन कमी होतात किंवा वेदना घटतात, असे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. वर्गावर्गांत फरक फार, आणि शास्त्रीय चाचण्या विस्कळीत. सोबतीबद्दल मात्र पुरावा भक्कम आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २६ चाचण्यांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली. ज्यांच्याजवळ प्रसूतीच्या वेळी अखंड कोणी तरी होते, त्यांची प्रसूती लवकर होण्याची आणि नैसर्गिक होण्याची शक्यता अधिक दिसली, सिझेरियनची कमी. म्हणजे शिकवावयाचे ते केवळ बाळंतिणीला नव्हे. तिच्याजवळ जो थांबणार त्याला.

जवळ कोणी थांबावयाचे?

आणि येथेच पाश्चात्त्य नमुन्याची नक्कल आपल्याला पुरी पडत नाही. तिकडच्या वर्गात नवरा-बायकोची जोडी गृहीत धरलेली असते. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते. बँकेतला नवरा मुंबईत, पत्नी सांगलीला. पाठ चोळावयाचे शिकला तो एक, आणि ऐन वेळी जवळ असणार ती आई. ही चाल टाकून द्यावी असे मला वाटत नाही. सासरच्या धबडग्यातून बाईला चार महिने मिळणारी ती एकुलती एक हक्काची विश्रांती आहे. तेव्हा वर्ग हवा तो सोबतिणीचा: आईचा, बहिणीचा, वहिनीचा, आणि जेथे शक्य असेल तेथे नवऱ्याचाही.

केंद्र सरकारने २०१६ च्या फेब्रुवारीतच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीस परवानगी दिली आहे. स्वतः बाळंतपण अनुभवलेली स्त्री सोबत राहावी. जेथे खाजगीपणाची व्यवस्था असेल तेथे नवऱ्यालाही प्रवेश द्यावा, असा त्याचा आशय. हा निर्णय किती कारकुनांना, किती शिक्षिकांना ठाऊक आहे? प्रसूतिकक्षाच्या दारावर तो मराठीत लावलेला मी तरी पाहिलेला नाही. डॉक्टर आणि परिचारिका यांची अडचण खोटी नाही. एका दालनात चार-सहा खाटा, मध्ये पडदा नाही, अशा जागी एकीचा नवरा म्हणजे इतर पाचजणींचा संकोच. पण म्हणजे आडवे येते ते पडद्यांचे कापड, संस्कृती नव्हे. संस्कृतीच्या नावावर आपण पुष्कळदा कापडाचा खर्च वाचवितो.

वर्गांसाठी नव्या इमारती नकोत. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. २०१६ पासूनच्या या दिवशी बायका सासू-आईसह रांगेत तासन्‌तास बसून असतात. तेवढ्या वेळात एखादी अनुभवी परिचारिका बाहुली आणि सांगाडा घेऊन समोर उभी राहिली तर तोच वर्ग. शिक्षकांनीही आपल्याकडे पाहावे. प्रजननसंस्थेचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून पुढे ढकलणारे जे शिक्षक झाले त्यांत मीही एक होतो. सदतीस वर्षांच्या नोकरीत तो धडा मी फळ्यावर आकृती काढून एकदाही शिकविला नाही. माझ्या हाताखालून गेलेली शेकडो मुले पुढे बाप झाली आणि माझ्याचसारखी व्हरांड्यात बसली असतील.

रजेचा प्रश्नही आहेच. स्त्रियांची प्रसूतिरजा २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांना पितृत्वाची पंधरा दिवसांची रजा मिळते. खाजगी पेढीतल्या कारकुनावर मात्र किरकोळ रजा साठवून ठेवण्याची पाळी येते, आणि मूल काही ठरल्या तारखेला जन्मत नाही. साहेबापुढे ‘बायको बाळंत व्हायची आहे’ असे सांगितले की कचेरीत होणारे हसणे आणि आमच्या जिन्यावरचे हसणे यांत काही अंतर नाही.

आमच्या इमारतीतील ती सूनबाई पुढल्या आठवड्यात सांगलीला जाणार आहे. नवऱ्याने तेथील रुग्णालयात फोन करून आपल्याला आत येऊ द्याल का असे विचारले; ‘डॉक्टरांना विचारून सांगतो’ असे उत्तर मिळाले, आणि अद्याप कोणी सांगितलेले नाही. तोवर तो रोज रात्री दूरध्वनीवर सासूबाईंना पाठ कोठे व कशी दाबावयाची ते समजावून देत असतो. परवा तिसऱ्या मजल्यावरील आजींनी त्याला जिन्यात गाठले. मला वाटले, पुन्हा थट्टा. त्यांनी आवाज खाली आणून विचारले, “त्या वर्गाला बायकांना येऊ देतात का रे? म्हणजे आयांना, आज्यांना? आमच्या नातीला सातवा लागलाय.”